मिटलेली वही आधी उघडा

ताई, सप्रेम नमस्कार.

लहान मुलांची वाढ खुंटण्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या एका प्रकल्पाची मी समन्वयक आहे. टीममध्ये बालरोगतज्ज्ञ आहेत, पाणी आणि स्वच्छतेचं काम बघणारे अभियंता आहेत, एक अर्थतज्ज्ञ, एक मानववंशशास्त्रज्ञ आणि डेटा सांभाळणारा एक तरुण. प्रत्येक जण आपापल्या विषयात पक्का. तरीही चौदा महिने झाले, प्रश्न नेमका काय आहे यावरच आमचं घोडं अडलंय. डॉक्टर म्हणतात आहार, अभियंता म्हणतात पाणी, अर्थतज्ज्ञ म्हणतात उत्पन्न.

दोन महिन्यांपूर्वीच्या बैठकीत मानववंशशास्त्रज्ञ मॅडम वहीतून एका घरातली नोंद वाचून दाखवत होत्या. अर्थतज्ज्ञांनी मध्येच विचारलं, "हे किती घरांतलं?" त्या म्हणाल्या, "एका." ते म्हणाले, "मग पुढे जाऊ या." मॅडमनी वही मिटली. त्यानंतरच्या तीन बैठकांत त्या एक शब्द बोललेल्या नाहीत. डॉक्टर तर परवा वैतागून म्हणाले, "आपली चर्चा संपेपर्यंत मुलं वाढायची थांबणार आहेत का?"

मी मूळची शिक्षिका. यातल्या कुठल्याच विषयाची पदवी माझ्याकडे नाही. आता सगळ्यांचं म्हणणं पडलंय की प्रत्येकाने अहवालातलं आपापलं प्रकरण लिहावं आणि मी ते एकत्र बांधावं. तसं करू का? सगळ्यांना मान्य होईल अशी एक व्याख्या कशी ठरवायची? आणि माझं कोण ऐकणार?

— एक समन्वयक

प्रिय मैत्रीण,

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण पत्र वाचून झाल्यावरही माझं मन त्या मिटलेल्या वहीपाशीच घुटमळत राहिलं. म्हणून सुरुवात तिथूनच करते. व्याख्येचं नंतर बघू.

"हे किती घरांतलं?" हा प्रश्न अर्थतज्ज्ञांच्या जगात अपमानाचा नाही. एका घराच्या गोष्टीवर विसंबलात तर फसाल, मनाला भिडलेलं उदाहरण आणि सर्वसाधारण परिस्थिती यांत अंतर असतं, हे त्यांना विद्यार्थी असल्यापासून शिकवलेलं असतं. तिथे हा प्रश्न विचारला म्हणजे समोरच्याचं म्हणणं गांभीर्याने घेतलं, असाच अर्थ होतो. मॅडमच्या जगात त्याच तीन शब्दांचा अर्थ होतो, "तुम्ही महिनोन् महिने तिथे जाऊन बसलात ते फुकट गेलं." त्यांचं शास्त्र थोड्या घरांत खोल उतरूनच उभं राहतं. तिथे पुरावा म्हणजे ओळख, सहवास आणि त्या घराने तुमच्यावर टाकलेला विश्वास. "मग पुढे जाऊ या" म्हणताना अर्थतज्ज्ञांनी एक मुद्दा बाजूला ठेवला. मॅडमना वाटलं, आपल्यालाच बाजूला ठेवलं.

त्या पानावर काय होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी पाहिलेली एक नोंद सांगते. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका कामात होते. सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांच्या आहाराची पाहणी जगभर साधारण एकाच पद्धतीने होते. काल दिवसभरात आणि रात्री बाळाने काय काय खाल्लं, ते आईला विचारायचं. ८ अन्नगटांपैकी निदान ५ गटांतलं काही पोटात गेलं असेल, तर आहारात किमान विविधता आहे असं धरतात. आमच्या फॉर्मवर त्या घरातलं बाळ ५ गट मिळवून पास झालेलं होतं. आणि ज्या दिवसाबद्दल आम्ही विचारत होतो, नेमका तोच दिवस आमची मानववंशशास्त्रज्ञ सहकारी त्या घरात बसून होती. तिच्या वहीत लिहिलेलं होतं: आई उजाडायच्या आत कामाला गेली, अंधार पडल्यावर आली. बाळ आठ वर्षांच्या बहिणीजवळ. आईने वाटीत काढून ठेवलेलं बहिणीने भरवायला घेतलं. बाळाने तोंड फिरवलं. दोन-तीन घास कसेबसे गेले. बाकीचं बहिणीने खाल्लं, कारण तिलाही भूक लागली होती. रात्री आईने रिकामी वाटी पाहिली. दुसऱ्या दिवशी आमच्या माणसाला तिने जे सांगितलं ते तिच्या परीने अगदी खरं होतं.

ती रिकामी वाटी मी अजून विसरलेले नाही. घर एकच होतं, पण आमचा फॉर्म कुठे फसतो हे कळायला ते एक घर पुरलं. पुढे फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढला: काल दिवसभर बाळाजवळ कोण होतं? मग तो प्रश्न शेकडो घरांत नेणं हे आकडेवारीवाल्यांचं काम होतं, आणि ते त्यांनी मनापासून केलं. वहीशिवाय हा प्रश्न कुणाला सुचला नसता, आणि मोजणीशिवाय तो त्या एका घरातच राहिला असता.

तेव्हा पुढच्या बैठकीआधी मॅडमना एकट्या भेटा. समजूत घालायला जाऊ नका, समजूत लहान मुलांची घालतात. कामाचं विचारा: "त्या पानामुळे आपल्या फॉर्ममधला कुठला प्रश्न चुकीचा ठरतो?" त्यांच्याकडे उत्तर असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. अर्थतज्ज्ञांनाही वेगळं भेटा आणि त्या दिवशी काय झालं ते सरळ सांगा. बहुधा त्यांच्या ते लक्षातही आलं नसेल. चारचौघांत माफी वगैरे मागायला लावू नका, त्याने दोघंही आणखी आखडतील.

आता व्याख्येकडे येते. सर्वांना मान्य होईल अशी एक व्याख्या तुम्हाला मिळणार नाही, आणि त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. १९७३ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी, डिझाइनचे हॉर्स्ट रिटेल आणि नगररचनेचे मेल्विन वेबर यांनी, अशा सामाजिक प्रश्नांची दहा लक्षणं मांडली होती. त्यातलं पहिलंच हे की अशा प्रश्नाची अंतिम मांडणी करता येत नाही, कारण तुम्ही प्रश्न जसा मांडता त्यातच तुमचं उत्तर दडलेलं असतं. दुसरं असं की गणित सुटलं की सुटल्याचं कळतं, तशी इथे थांबायची खूण नसते. आणि उत्तरं बरोबर किंवा चूक नसतात, बरी किंवा वाईट असतात. तुमच्या बैठकीत नेमकं हेच चाललंय. डॉक्टर "आहार" म्हणतात तेव्हा आपल्या हाताशी काय आहे ते सांगत असतात. अभियंत्यांच्या हाताशी पाणी आहे. कुणीही दुसऱ्याचं खोडत नाहीये, पण ऐकताना तसं वाटतं.

मग एकमत नसताना काम पुढे कसं जातं? मला या बाबतीत नेहमी १८५४ सालचं लंडनचं सोहो आठवतं. कॉलऱ्याच्या साथीत ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास सहाशेहून जास्त माणसं दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांनी तिथल्या सार्वजनिक पंपाकडे बोट दाखवलं आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला, एवढी गोष्ट बहुतेकांना माहीत असते. तुमच्या कामाचा भाग त्याच्या आजूबाजूला आहे. स्नोंना मृत्यूंच्या नोंदी मिळाल्या त्या विल्यम फार यांच्या खात्यातून. विल्यम फार हे सांख्यिकीतले मोठे माणूस, आणि त्या वेळी त्यांचा विश्वास स्नोंच्या अगदी उलट होता. दूषित हवेने कॉलरा होतो असं ते मानत. तरी नोंदी दिल्या. दुसरे हेन्री व्हाइटहेड, त्याच भागातले तरुण पाद्री. स्नोंचं म्हणणं त्यांना पटलेलं नव्हतं, उलट ते खोडून काढायचं म्हणून ते घरोघर फिरले. पण त्यांना लोक ओळखत होते. मेलेल्यांची नोंद सरकारी वहीत होती. वाचलेले कुठे आहेत, घर सोडून गेलेले कुठे गेले, कुणी त्या पंपाचं पाणी प्यायलं आणि कुणी नाही, हे पाद्रीच विचारू शकत होते. फिरता फिरता त्यांचं मत बदललं. आणि मृत्यूंच्या नोंदीत त्यांना पंपासमोरच्याच, ४० क्रमांकाच्या घरातली एक ओळ सापडली: पाच महिन्यांची मुलगी, जुलाबाने गेलेली, साथ भडकण्याच्या आधी आजारी पडलेली. तिची दुपटी धुतलेलं पाणी तिच्या आईने घराच्या मैलाखड्यात टाकलं होतं. मग सर्वेक्षकाने खणून पाहिलं. खड्ड्याच्या विटा सुटलेल्या, आणि पंपाची विहीर तिथून तीन फुटांच्याही आत.

डॉक्टर, सांख्यिकीतज्ज्ञ, पाद्री आणि सर्वेक्षक. कॉलऱ्याच्या कारणाबद्दल त्यांचं एकमत झालेलं नव्हतं. सरकारी आरोग्य मंडळाच्या समितीने तर स्नोंचं म्हणणं तेव्हा नाकारलंच. पण सगळ्यांच्या समोर तोच रस्ता होता, तीच घरं, तीच मृत्यूंची यादी. प्रत्येकाने आपलं जे काही होतं ते त्याच यादीला जोडलं. तुमच्या टीमला व्याख्येपेक्षा अशी एक समोर ठेवण्याजोगी वस्तू हवी आहे.

माझी सूचना अशी. एकाच वस्तीतली बारा मुलं निवडा. सहा अशी की ज्यांची उंची वयाच्या मानाने जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढ-मानकांत उणे २ प्रमाण विचलनाच्याही खाली आहे, म्हणजे ज्यांची वाढ खुंटलेली धरतात, आणि सहा अशी की जी तशाच घरांत, तशाच परिस्थितीत असून नीट वाढताहेत. पालकांची समजून-उमजून परवानगी घ्या आणि नावांऐवजी खुणेचे क्रमांक वापरा. प्रत्येक मुलाचं एक मोठं पान करा. त्यावर डॉक्टर वजन-उंचीचा आलेख काढतील. पाणी उगमापासून मुलाच्या तोंडापर्यंत कसं पोहोचतं ते अभियंता रेखाटतील. अर्थतज्ज्ञ आठवड्या-आठवड्याला घरात पैसा कधी येतो आणि कधी संपतो ते मांडतील. मॅडम त्या मुलाचा एक दिवस लिहितील. डेटावाला तरुण हे सगळं एका ओळीत बसतं का ते पाहील, आणि काय बसत नाही ते मोठ्याने सांगेल. ते न बसणारं फार मोलाचं असतं. अर्थतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवा की हा नमुना नव्हे, यातून टक्केवारी काढायची नाही. मोठ्या पाहणीत काय विचारायचं ते शोधण्यासाठी ही पानं आहेत. हे सांगितलं नाहीत तर बारा हा आकडा पाहूनच ते अस्वस्थ होतील, आणि त्यांचं तरी काय चुकलं?

नीट वाढणारी सहा मुलं मी मुद्दाम घातली आहेत. व्हिएतनाममध्ये १९९० च्या डिसेंबरात जेरी आणि मोनिक स्टर्निन हे दांपत्य मुलांच्या कुपोषणावर काम करायला गेलं, तेव्हा त्यांनी गावकऱ्यांना हेच विचारलं. अगदी गरीब घरांतली पण चांगली वाढणारी मुलं आहेत का? होती. त्या घरांतल्या आया भातशेतात मिळणारी चिमुकली कोळंबी आणि खेकडे, रताळ्याचा पाला असं काही मुलाच्या जेवणात घालत होत्या, आणि मुलाला दिवसातून जास्त वेळा भरवत होत्या. इतर लोक ते मुलांचं खाणं समजत नव्हते. हे शोधलं त्याच गावच्या लोकांनी. तुमच्या बैठकीत कोण बसतं याची यादी पत्रात वाचली, त्यात एकाही मुलाची आई नाही. महिन्यातून एकदा तरी ती पानं घेऊन वस्तीत बसा आणि आयांना विचारा, "यात काय चुकलंय?"

शब्दांचं एक सांगते, कारण यात महिनेच्या महिने जातात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. "सॅम्पल" म्हटलं की डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे बाटलीतलं रक्त येतं, अर्थतज्ज्ञांपुढे निवडलेली घरं, अभियंत्यांपुढे पाणी. "कंट्रोल" म्हणजे एकाला तुलनेचा गट वाटतो, दुसऱ्याला आटोक्यात आलेला आजार. "केस" म्हणजे रुग्ण, की अभ्यासासाठी घेतलेलं एक उदाहरण? आणि "कुटुंब" तर सगळ्यांत फसवा शब्द. सर्वेक्षणात कुटुंब म्हणजे बहुधा एकत्र राहणारी, एकत्र जेवणखाण असणारी माणसं. मॅडम वहीत "कुटुंब" लिहितात तेव्हा त्यात दूर कामाला गेलेला आणि पैसे पाठवणारा काका असतो, दुपारी बाळाला सांभाळणारी शेजारच्या घरातली आजीही असते. भिंतीवर एक कागद लावा. कुणाला शब्द अडला की तो तिथे लिहायचा आणि खाली प्रत्येकाने आपला अर्थ. एकच अर्थ ठरवायचा हट्ट नको, कुठल्या वेळी कुठला अर्थ चाललाय एवढं कळलं तरी पुष्कळ.

अभियंत्यांबद्दल तुम्ही थोडंच लिहिलंत, पण त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट लक्षात असू द्या. स्वच्छ पाणी, शौचालय आणि हात धुणं यांनी मुलांची उंची वाढेल अशी अनेक जाणत्या लोकांची अपेक्षा होती. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे इथे मोठ्या, काटेकोर चाचण्या झाल्या आणि २०१८-१९ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. आहारपूरक दिल्याने उंचीत थोडी वाढ दिसली, पण पाणी-स्वच्छतेच्या उपायांनी उंचीत फरक पडला नाही. बांगलादेशात जुलाब कमी झाले, उंची मात्र तिथेही वाढली नाही. यावरून पाणी महत्त्वाचं नाही असं कुणी म्हणू नये. घरापुरते केलेले ते उपाय पुरेसे नव्हते, मुलाच्या भोवतालची घाण त्याहून किती तरी जास्त होती, असंही अनेकांनी त्याचं स्पष्टीकरण दिलं. पण हे निष्कर्ष टेबलावर येऊ द्या, आणि ते अभियंत्यांनीच मांडले तर उत्तम. आपल्या विषयाचं अपयश माणसाने स्वतः मांडलं की बाकीच्यांच्या मुठी आपोआप सैल होतात. दुसऱ्याने मांडलं तर तो हल्ला ठरतो. डॉक्टरांनीही मग सांगावं की आहारपूरकाने वाढ झाली ती थोडीच होती.

डॉक्टरांचा वैताग मला मनापासून पटतो. मुलाच्या आयुष्यातल्या पहिल्या दोन वर्षांत जे हुकतं ते पुढे भरून काढणं फार अवघड असतं, आणि ते त्यांना रोज दिसत असतं. त्यांना "धीर धरा" म्हणू नका. जे नक्की उपयोगी आहे आणि ज्यावर वाद नाही ते आजच चालू करा. अतिकुपोषित मुलांवरचे उपचार, लसीकरण, स्तनपानासाठी आईला आधार हे कुणाच्या व्याख्येसाठी थांबायला नको. भिजत घोंगडं पडलंय ते बाकीच्याचं. मात्र घाईपायी माणसं निसटतात, हेही त्यांना आठवून द्या. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ आली. मृतदेहापासून संसर्ग होत होता, म्हणून संरक्षक पोशाखातली पथकं यायची आणि मृतदेह घेऊन जायची. वैद्यकदृष्ट्या त्यात काही चूक नव्हती. पण ज्यांना आपल्या माणसाचा निरोपही घेता आला नाही, त्या घरांनी आजार आणि मृत्यू लपवायला सुरुवात केली, आणि साथ आवरणं आणखी कठीण झालं. मग मानववंशशास्त्रज्ञ आणि धर्मगुरूंना बरोबर घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०१४ मध्ये नवी कार्यपद्धती काढली. त्यात "सुरक्षित" या शब्दाच्या जोडीला "सन्मानपूर्वक" हा शब्द आला. कुटुंबाने कुठे उभं राहायचं, प्रार्थना कधी व्हायची, मृताबरोबर काय ठेवता येईल, हे त्यात आलं. डॉक्टरांना जी घाई होती तिलाच त्याने बळ मिळालं.

आता तुमचा पहिला प्रश्न. प्रकरणं वाटून देऊ नका. मी हे पोळल्यामुळे सांगते. शाळा सुटलेल्या मुलांवरच्या एका कामात आम्ही तेच केलं होतं. दोन वर्षं राबलो, शेवटी दमलो आणि प्रत्येकाने आपलं प्रकरण लिहून टाकलं. ज्या अधिकाऱ्यांसाठी अहवाल होता त्यांनी तो शांतपणे चाळला आणि विचारलं, "यात मूल म्हणजे कितव्या वर्षापर्यंत?" पहिल्या प्रकरणात १४ वर्षांपर्यंत होतं, तिसऱ्यात १८, आणि पाचव्यात वयाचा उल्लेखच नव्हता. बेरजा कुठेच जुळत नव्हत्या. प्रत्येक प्रकरण आपापल्या जागी चांगलं होतं, पण त्या अहवालावरून एकही निर्णय घेता येत नव्हता, आणि घेतला गेलाही नाही. ज्या घरांनी आम्हाला वेळ दिला होता त्यांच्याकडे परत जाताना मला फार जड गेलं. तुम्हाला लिहायचंच असेल तर दोघांनी मिळून एक प्रकरण लिहावं, आणि जोड्या तुम्ही लावा. मॅडम आणि अर्थतज्ज्ञ एकत्र. लगेच नको, पण एकत्रच.

लेखनाचं निघालं म्हणून श्रेयाचंही आत्ताच बोलून घ्या. वैद्यकात शेवटचं नाव मोठ्या माणसाचं, अर्थशास्त्रात बहुधा आडनावाच्या अक्षरक्रमाने, आणि काही शास्त्रांत एकट्याच्या नावावर लिहिलेल्यालाच खरी किंमत. सगळ्यांना वाटतं आपली रीत हीच रीत. प्रकल्प संपताना हे निघालं तर जुनी मैत्री तुटते. पानभर लिहून ठेवा: कुणाचं नाव कुठे, कुठल्या नियतकालिकासाठी, आणि ज्यांना वस्तीत फिरावं लागलं त्यांचं नाव कुठे. डेटावाल्या तरुणाला विसरू नका, अशांना शेवटी आभारात ढकलतात. आणखी एक, जोडकामाला वेळ जास्त लागतो हे निधी देणाऱ्यांना आत्ताच लेखी कळवा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधन निधीच्या हजारो प्रस्तावांच्या अभ्यासातून २०१६ साली दिसलं की प्रस्ताव जितका जास्त आंतरविद्याशाखीय, म्हणजे वेगवेगळे विषय जोडणारा, तितकी त्याला निधी मिळण्याची शक्यता कमी. तेव्हा तुमच्या लोकांनी हा मार्ग धरला यात त्यांनी काहीतरी पणाला लावलंय. ते त्यांना कुणीतरी बोलून दाखवायला हवं, आणि ते तुम्हीच दाखवू शकता.

राहिला शेवटचा प्रश्न, माझं कोण ऐकणार. तुम्ही शिक्षिका होतात. वर्गात मूल "समजलं" म्हणालं की तुम्ही काय करायचात? "मग तुझ्या शब्दांत सांग" म्हणायचात ना? त्या खोलीत हे काम करू शकणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात, कारण कुठल्याही एका विषयाची बाजू लढवायची जबाबदारी तुमच्यावर नाही. ज्याला काही कळलं नाही असं म्हणायची लाज वाटत नाही असं एक माणूस प्रत्येक टीमला लागतं. "हे मला साध्या शब्दांत सांगा" असं तुम्ही म्हणालात की निम्मी खोली मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडते, कारण त्यांनाही ते कळलेलं नसतं. तुमचं ऐकतील की नाही याची काळजी सोडा. ते एकमेकांचं ऐकतात की नाही हे बघणं तुमचं काम आहे, आणि त्याचा वेळ, त्याचं मानधन प्रकल्पाच्या कागदावर वेगळं मांडून घ्या. चहापाण्याची आणि खोलीची सोय करणारी बाई म्हणून तुमची नोंद राहता कामा नये.

पुढची बैठक दोन तासांची ठेवा. विषय एकच, पहिल्या मुलाचं पान. सुरुवात मॅडमच्या वहीने करा, तेच पान जे त्या दिवशी अर्धं राहिलं होतं. वाचून झालं की अर्थतज्ज्ञांना म्हणा, "आत्ता ऐकलंत ते तुमच्या शब्दांत सांगा." पहिल्यांदा त्यांचं चुकेल. मॅडम दुरुस्त करतील. ते पुन्हा सांगतील. "हो, हेच म्हणत होते मी," असं मॅडमच्या तोंडून येईपर्यंत तिथेच थांबा, मग दोन तास त्यातच गेले तरी चालतील. त्यानंतर त्यांना विचारू दे, "हे किती घरांतलं?"

तुमची,
ताई